दोनशे डॉलरचा माणूस

परदेशात संशोधनाला जायचं ठरलं की पैशांबद्दलचं वाचन सुरू होतं. त्यातलं बरंचसं 'कुठलं कार्ड घ्यावं', 'कुठल्या ॲपवरून पैसे पाठवावेत' अशा सल्ल्यांचं असतं. सल्ला देणाऱ्याला त्या कार्डामागे कमिशन मिळत असणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ते आपण जरा सांभाळूनच वाचतो. पण मध्येच एखादं वाक्य येतं : 'जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार परदेशी पैसे पाठवण्याचा सरासरी खर्च ६ टक्क्यांहून अधिक आहे.' इथे मात्र आपली सावधगिरी गळून पडते. आकडा आला, मोठ्या संस्थेचं नाव आलं, विषय संपला.

आज आपण त्या एका आकड्याची चिकित्सा करू. कारणं दोन. एक, येत्या वर्षभरात तुमच्या घरचे लाखो रुपये या रस्त्याने जाणार आहेत. दुसरं, पुढच्या चार-पाच वर्षांत अगदी असंच वाक्य तुम्ही स्वतःच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिणार आहात, विषय कुठलाही असो. आकडा कुणासाठी मोजला आणि आपण तो कुणाला लावतोय, हे तपासायची सवय आधी स्वतःच्या पैशांवर लावून घेतली तर बरी लागते.

आकडा येतो कुठून?

जागतिक बँक २००८ पासून 'रेमिटन्स प्राइसेस वर्ल्डवाइड' नावाचा माहितीसंच चालवते. एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवण्याच्या प्रत्येक जोडीला तिथे 'कॉरिडॉर' म्हणतात. जसं अमेरिका ते मेक्सिको, संयुक्त अरब अमिराती ते भारत. अशा शेकडो कॉरिडॉरमध्ये माहिती गोळा करणारी माणसं ग्राहक म्हणून जातात, बँका आणि पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांकडून भाव विचारतात आणि नोंदवतात. विचारायची रक्कम ठरलेली असते : २०० डॉलर, किंवा तेवढ्या किमतीचं स्थानिक चलन. ५०० डॉलरसाठीही वेगळी नोंद होते, पण बातम्यांत आणि धोरणांत जो आकडा फिरतो तो २०० डॉलरचा.

२००९ च्या सुरुवातीला ही जागतिक सरासरी १० टक्क्यांच्या जवळ होती. त्याच वर्षी इटलीतल्या लाक्विलाच्या जी-८ परिषदेत ती पाच वर्षांत ५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. ते काही झालं नाही. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत (१०.क) नवं लक्ष्य आलं : २०३० पर्यंत खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचा आणि ५ टक्क्यांहून महाग असा एकही कॉरिडॉर ठेवायचा नाही. अलीकडच्या वर्षांत सरासरी ६ ते ७ टक्क्यांच्या मध्येच घुटमळते आहे.

आधी त्याची बाजू

चिकित्सा म्हणजे दोष काढणं असा एक गैरसमज आपल्याकडे पहिल्या सेमिनारपासून असतो. आधी समोरच्या कामाची ताकद नीट मांडता आली पाहिजे. या आकड्याची ताकद मोठी आहे.

पहिली गोष्ट, तो फक्त फी मोजत नाही. ग्राहकाला दिलेला विनिमय दर आणि बाजारातला मधला दर यांच्यातला फरकही खर्चात धरतो. 'शून्य फी' अशी पाटी लावून दरात पैसे काढणाऱ्या सगळ्या सेवा या एका निर्णयामुळे उघड्या पडतात. ज्या सल्ल्यांवर आपण विसंबतो त्यातले कितीतरी सल्ले इथेच फसतात, कारण ते फीची तुलना करतात आणि दर तसाच सोडून देतात.

दुसरी गोष्ट, २०० डॉलर ही रक्कम उगाच निवडलेली नाही. दुबईतल्या बांधकामावरचा कामगार किंवा परक्या घरात स्वयंपाक करणारी बाई महिन्याला घरी पाठवते ती रक्कम साधारण या मापाची असते. ठराविक फी लहान रकमेला सगळ्यात जास्त बोचते. म्हणजे हा आकडा मुद्दाम अशा माणसाच्या जागी उभा राहून मोजला आहे, ज्याला दोन-चार टक्क्यांचा फरक म्हणजे घरातल्या चार दिवसांच्या भाजीचा प्रश्न असतो. मोजणाऱ्याने बाजू घेतली आहे, आणि ती उघडपणे घेतली आहे. याला मी दोष म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट, मोजणाऱ्यांना स्वतःच्या सरासरीच्या मर्यादा माहीत आहेत. साधी सरासरी काढताना प्रत्यक्षात किती लोक कुठली सेवा वापरतात हे बघितलं जात नाही; महागडी पण ओस पडलेली सेवा आणि स्वस्त, गर्दीची सेवा दोघींना सारखंच वजन मिळतं. म्हणून कॉरिडॉरमधल्या पैशाच्या ओघानुसार वजन दिलेली सरासरीही काढली जाते. शिवाय ठरावीक अटी पाळणाऱ्या सेवांपैकी सर्वांत स्वस्त तीन सेवांची सरासरी देणारा 'स्मार्ट' नावाचा वेगळा निर्देशांकही आहे. चौकशी करून पाठवणाऱ्या ग्राहकाला काय भाव मिळू शकेल, हे तो दाखवतो. प्रबंधात 'जागतिक सरासरी' असं लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे जण यांतली नेमकी कुठली ते सांगतात. तुम्ही सांगा.

तोच रस्ता, दोन माणसं

आता हा आकडा तुमच्यावर लावून बघू. खालचं उदाहरण कल्पित आहे. दर आणि शुल्क समजण्यापुरते धरलेत, फक्त जीएसटीचा नियम खरा आहे.

समजा बाजारातला मधला दर एका युरोला ९० रुपये आहे. बँक तुम्हाला ९२.२५ रुपयांनी युरो विकते. पाठवण्याचं कमिशन १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. चलनबदलावर वेगळा जीएसटी लागतो, आणि तो पूर्ण रकमेवर नसतो. नियमाने ठरवलेल्या एका छोट्या मूल्यावर तो लागतो : १ लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का (किमान २५० रुपये), त्यापुढे १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का. या मूल्याच्या १८ टक्के. आणि वाटेतली मधली बँक २० युरो कापते, म्हणजे १,८०० रुपये.

पहिला माणूस ५,००० युरो पाठवतो. मधल्या दराने ४,५०,००० रुपये. बँकेच्या दराने ४,६१,२५०. दरातला फरक ११,२५०, कमिशन १,१८०, चलनबदलाचा जीएसटी सुमारे ५०५, मधली बँक १,८००. एकूण १४,७३५ रुपये, म्हणजे ३.३ टक्क्यांच्या आसपास.

दुसरा माणूस १८० युरो पाठवतो, म्हणजे २०० डॉलरच्या जवळपास. मधल्या दराने १६,२०० रुपये. दरातला फरक ४०५, कमिशन तेच १,१८०, जीएसटी ४५, मधली बँक तीच १,८००. एकूण ३,४३० रुपये, म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त.

बँक तीच, दिवस तोच, दर तोच. एकाला ३ टक्के आणि दुसऱ्याला २१. म्हणजे 'या रस्त्याचा खर्च किती टक्के' हा प्रश्नच अपुरा आहे. किती रकमेला, ते विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. टक्केवारी दिसली की तिचा छेद कुठला, हे विचारायची सवय लावून घ्या.

आणखी एक बारकावा बघा. पहिल्या माणसाच्या खर्चातले तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे दरातल्या फरकात गेलेत. दुसऱ्याच्या खर्चात हाच वाटा आठव्या हिश्श्याच्याही खाली आहे. तेव्हा मोठी रक्कम पाठवणाऱ्याने कमिशनवर घासाघीस करण्यात अर्थ नाही, दरावर करावी. लहान रक्कम वारंवार पाठवणाऱ्याने दराच्या दुसऱ्या दशांशाकडे बघत बसू नये, ठराविक शुल्क टाळावं. 'सर्वांत स्वस्त सेवा' असं एकच उत्तर देणारा सल्ला या दोघांपैकी एकाला तरी चुकीचा सल्ला देत असतो.

मधल्या बँकेच्या कपातीचं एक वेगळं दुखणं आहे. विद्यापीठाची फी पाठवताना शुल्क कोणी सोसायचं याचे पर्याय फॉर्मवर असतात : सगळं पाठवणाऱ्याने, दोघांनी वाटून, की घेणाऱ्याने. 'वाटून' निवडलं की फी २० युरोंनी कमी पोचते, आणि विद्यापीठाच्या खात्यात तुमचं नाव 'अपूर्ण भरणा' म्हणून लागतं. त्या २० युरोंची टक्केवारी नगण्य असते. प्रवेशपत्र अडकण्याची किंमत कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

दर कुठे लपतो याचं सगळ्यात सोपं प्रात्यक्षिक एटीएमवर मिळतं. युरोपातल्या मशीनमध्ये भारतीय कार्ड घातलं की ते विचारतं : 'रुपयांत वजा करू की युरोत?' रुपये निवडलेत तर दर त्या मशीनवाल्याचा लागतो, आणि तो सहसा महाग पडतो. युरोपीय संघाने २०१९ च्या एका नियमाने हा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराशी तुलना करून टक्क्यांत दाखवणं बंधनकारक केलं; ते एप्रिल २०२० पासून लागू आहे. पडद्यावर ती टक्केवारी वाचा आणि स्थानिक चलन निवडा.

दिशा उलटी असेल तर?

२०० डॉलरच्या माणसाचा पैसा श्रीमंत देशातून गरीब देशाकडे जातो. तुमचा, निदान सुरुवातीला, उलट्या दिशेने जातो. मग उलट दिशेची आकडेवारी कुठे मिळते? रिझर्व्ह बँकेकडे. भारतातल्या निवासी व्यक्तीला 'लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम'खाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. २००४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा २५,००० डॉलर होती. या योजनेची मासिक आकडेवारी हेतूनुसार प्रसिद्ध होते : परदेशातलं शिक्षण, प्रवास, जवळच्या नातेवाइकांचा चरितार्थ, भेट, वगैरे. 'परदेशातलं शिक्षण' या रकान्यात २०२३-२४ मध्ये सुमारे साडेतीन अब्ज डॉलर होते, २०२४-२५ मध्ये ते ३ अब्जांच्या थोडे खाली आले.

यावरून 'परदेशी शिकायला जाणारे कमी झाले' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. झालेही असतील. पण हा आकडा काय मोजतो ते बघा. बँकेच्या खिडकीवर भरलेल्या फॉर्मवर जो हेतू लिहिला जातो, तो इथे मोजला जातो. आईने मुलीच्या खोलीभाड्याला पाठवलेले पैसे 'शिक्षण' म्हणून जाऊ शकतात, 'नातेवाइकांचा चरितार्थ' म्हणून जाऊ शकतात आणि 'भेट' म्हणूनही.

यात करही लुडबुड करतो. ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांच्या वरच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के, शैक्षणिक कर्जातून असेल तर अर्धा टक्का, आणि भेट किंवा चरितार्थासारख्या इतर हेतूंसाठी २० टक्के टीसीएस लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० लाख झाली आणि कर्जातून पाठवलेल्या शिक्षणखर्चावरचा टीसीएस गेला. आता तुम्हीच सांगा, तेव्हा २० आणि ५ टक्क्यांतला फरक समोर असताना शहाण्या बापाने फॉर्मवर काय लिहिलं असेल? रकान्यातली वाढ-घट विद्यार्थ्यांमुळे झाली, विनिमय दरामुळे झाली की रकाना बदलल्यामुळे, हे केवळ या आकड्यावरून सांगता येत नाही. मोजमापाला पैसे चिकटले की मोजली जाणारी माणसं मोजमापाकडे बघून वागायला लागतात. हे वाक्य तुमच्या विषयात कुठे लागू पडतं ते शोधा. कुठेतरी नक्की पडेल.

(टीसीएस हा आगाऊ घेतलेला प्राप्तिकर आहे, पैसे पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणून त्याला 'खर्च' म्हणणं चूक. पण तो परत मिळेपर्यंत पैसे अडकतात, म्हणून त्याला 'काहीच नाही' म्हणणंही चूक. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात; पाठवण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या.)

आणि या रकान्यात काय नाही? परदेशी कर्जदात्याने थेट विद्यापीठात भरलेले पैसे नाहीत, कारण ते भारतातून गेलेच नाहीत. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने केलेला खर्च नाही. तो योजनेत धरायचा २०२३ मधला निर्णय अमलात येण्याआधीच पुढे ढकलला गेला. आणि पगारी पीएचडी करणारा विद्यार्थी तर जवळजवळ दिसतच नाही, कारण तिकीट आणि पहिल्या दोन महिन्यांची सोय सोडली तर त्याच्यासाठी घरून काही जात नाही. ज्यांच्यासाठी मी हे लिहितोय ते तुम्ही, दोन्ही माहितीसंचांच्या मधल्या फटीत बसता.

'निवासी' म्हणजे कोण?

ही फट व्याख्येतही आहे. फेमा कायदा आणि प्राप्तिकर कायदा दोन्ही 'निवासी' हा शब्द वापरतात, पण मोजतात वेगळं. प्राप्तिकर मुख्यतः त्या वर्षात किती दिवस भारतात होतात ते बघतो. फेमा माणूस कशासाठी आणि किती अनिश्चित काळासाठी बाहेर गेला तेही बघतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ च्या परिपत्रकात परदेशी शिकायला गेलेल्यांना फेमासाठी अनिवासी मानायचं स्पष्ट केलं आहे.

जानेवारीत निघालेली मुलगी घ्या. एप्रिल ते डिसेंबर ती भारतातच होती, म्हणून त्या आर्थिक वर्षासाठी प्राप्तिकर तिला निवासी म्हणणार. फेमासाठी ती विमानात बसली तेव्हापासून अनिवासी. माणूस एक, दिवस एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुमचं इथलं साधं बचत खातं 'एनआरओ'मध्ये बदलून घ्यायला हवं. तिकडे कमावलेले पैसे भारतात ठेवून पुन्हा बाहेर न्यायचे असतील तर 'एनआरई' खातं सोयीचं. एनआरओमधून बाहेर न्यायला वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आणि कराची कागदपत्रं आहेत. एनआरईतून मोकळेपणाने नेता येतात. 'कुठलं कार्ड घ्यावं' हे सांगणारे बहुतेक जण याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, कारण खातं बदलून घेण्यात कुणालाच कमिशन नाही.

आणि संशोधनातला अर्थ? तुमच्या प्रश्नावलीत 'तुम्ही निवासी आहात का?' असा प्रश्न असेल, तर उत्तर देणारा कुठल्या कायद्याने उत्तर देतोय हे तुम्हाला कळणार नाही. शब्द ओळखीचा असला की व्याख्या द्यायची राहून जाते.

वेळेची किंमत

या आकड्यावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे. तो एक व्यवहार मोजतो, आणि व्यवहाराला सुरुवात आणि शेवट असतो. परदेशी राहणाऱ्याचं आर्थिक दुखणं बहुधा दोन व्यवहारांच्या मधल्या दिवसांत असतं.

जर्मनीचं उदाहरण घेऊ. स्वखर्चाने शिकायला जाणाऱ्याला व्हिसासाठी 'श्पेरकॉन्टो', म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो लागतात. महिन्याला ९९२ युरोच सुटतात. वरच्या ९० रुपयांच्या दराने हे १० लाख ७१ हजार रुपये होतात. ते एकदम पाठवले तर पाठवण्याचा खर्च मघाच्या पद्धतीने ३ टक्क्यांच्या आसपास येईल. पण उरलेले पैसे वर्षभर तिथे पडून असतात. दर महिन्याच्या सुरुवातीला एक हप्ता सुटतो असं धरलं, तर वर्षभरात सरासरी ५,४५६ युरो, म्हणजे ४ लाख ९१ हजार रुपये अडकलेले असतात. घरच्यांनी ते १० टक्के व्याजाने काढले असतील तर वर्षाचं व्याज ४९ हजार. पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त, आणि हे कुठल्याही पावतीवर छापलेलं नसतं.

बरं, दर महिन्याला पाठवायची मुभा असती तर सगळं वाचलं असतं का? नाही. कमिशन आणि मधल्या बँकेचे मिळून २,९८० रुपये बारा वेळा गेले असते, म्हणजे एकदाऐवजी बारा वेळा पाठवण्याचे सुमारे ३३ हजार जास्त. खरा तोटा या दोन आकड्यांच्या वजाबाकीइतका, साधारण १६ हजार. शिवाय एकदम पाठवल्याने वर्षभराच्या विनिमय दराची जोखीम एका दिवसावर येते. रुपया पुढे घसरला तर तुम्ही वाचलात, वधारला तर गेलात. प्रतिवाद मांडून झाल्याशिवाय आपला आकडा मोठा करून सांगायचा मोह टाळा, एवढ्यासाठी हे लिहिलं.

पगारी पीएचडीवाल्यांना बहुधा ही अट लागत नाही. त्यांची अडचण पहिल्या ६० दिवसांत असते. जर्मन विद्यापीठातला पगार महिनाअखेर येतो. घरमालक डिपॉझिट मागतो. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, आणि तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. हा हक्क माहीत असणं म्हणजे पहिल्या महिन्यात दोन भाड्यांइतकी रक्कम हातात राहणं. बँक पत्ता मागते, घरमालक खातं मागतो. इथेही एक कायदा कामी येतो : युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार कायदेशीरपणे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला, कायमचा पत्ता नसला तरी, मूलभूत खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत त्याला 'बाझिसकॉन्टो' म्हणतात. खिडकीवर हा शब्द उच्चारता आला पाहिजे.

त्यानंतर येतात परिषदा. तिकीट, हॉटेल, नोंदणी शुल्क आधी पदरचं, परतावा नंतर कधीतरी. ज्याच्या खात्यात शिल्लक आहे तो परिषदेला जातो. ज्याच्या नाही तो 'या वर्षी जरा काम आहे' म्हणतो. कागदोपत्री दोघांनाही शंभर टक्के परतावा आहे. कुठल्याही निर्देशांकात दोघं सारखेच दिसतील.

पैसा परत फिरतो तेव्हा

समाजशास्त्रज्ञ सुप्रिया सिंग यांनी भारतातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांच्या पैशांवर 'मनी, मायग्रेशन अँड फॅमिली' हे पुस्तक २०१६ मध्ये लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण इथे मोलाचं आहे : विद्यार्थी म्हणून गेलेल्यांच्या बाबतीत पैसा दोन्ही दिशांनी वाहतो. आधी आईवडील पाठवतात, पुढे मुलं पाठवतात, आणि दोन्हीकडे तो काळजीचा एक मार्ग असतो. एका दिशेचा, एका दिवसाचा भाव घेणाऱ्या माहितीसंचात हे नातं मावत नाही.

आणि इथेच तो आकडा पुन्हा आपला होतो. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीतून किंवा पगारातून तुम्ही घरी १५-२० हजार रुपये पाठवायला लागता, आईच्या औषधाला, भावाच्या फीला. त्या महिन्यापासून तुम्हीच तो दोनशे डॉलरचा माणूस असता. भारतात येणारा असा पैसा थोडाथोडका नाही. २०२२ मध्येच त्याने १०० अब्ज डॉलर ओलांडले, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत सर्वाधिक वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. (ही पाहणी बँका आणि पैसे पाठवणाऱ्या संस्थांची होती, कुटुंबांची नव्हे. पुढचा प्रश्न आता तुमचा तुम्ही विचारू शकता.)

तेव्हा माझं मत असं. माहितीसंच चांगला आहे, त्याचा प्रश्न न्याय्य आहे. त्यावरून 'परदेशी पैसे हाताळण्याचा खर्च' असं सरसकट बोलणं मात्र चूक आहे. तो पाठवण्याचा भाव मोजतो. थांबण्याचा, अडकण्याचा आणि कागद जुळवण्याचा मोजत नाही.

निघण्याआधी एक कोरी वही घ्या, किंवा स्प्रेडशीट. प्रत्येक व्यवहाराला सहा रकाने करा : तारीख, रक्कम, त्या दिवशीचा बाजारातला मधला दर, मिळालेला दर, सगळी शुल्कं मिळून, आणि पैसे हातात किंवा खात्यात यायला लागलेले दिवस. शेवटचा रकाना बँकेच्या पासबुकात नसतो, जागतिक बँकेच्या मथळ्यातही नसतो. वर्षअखेरीला त्याची बेरीज करून बघा.